‘धुळीची ॲलर्जी’ : एका संज्ञेचे परीक्षण

शास्त्रीय संज्ञेचे परीक्षण करताना ती व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही; ती ऐकणाऱ्यास कोणत्या कृतीकडे वळविते, हेही पाहावे लागते. ‘धुळीची ॲलर्जी’ ही रूढ संज्ञा ह्या दुसऱ्या कसोटीस उतरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर्वी त्वचेवरील चाचणीसाठी घरातील केरधुळीचाच अर्क वापरीत. त्यातील बाधक द्रव्य कोणते हे अज्ञात होते, तोवर ‘धूळ’ हे नाव प्रामाणिक होते. परंतु हॉलंडमधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६४ च्या सुमारास ह्या बाधेचे मुख्य मूळ एका सूक्ष्म अष्टपाद जीवात दाखवून दिले. डर्मॅटोफॅगॉइडिस हे त्याचे प्रजातिनाम त्वचाभक्षणाचे निदर्शक आहे. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर तो जगतो. गादी, उशी, गोधडी ही त्याची वसतिस्थाने होत. त्याच्या विष्ठेतील व देहातील प्रथिने बाधक ठरतात. आज चाचणीचा अर्क ह्या जीवांची पैदास करून तयार करतात. वस्तू बदलली, मराठी संज्ञा मात्र तीच राहिली.

अंबडसारख्या कोरड्या मुलखात हा घोटाळा विशेष जाणवतो. येथे उन्हाळ्यात धूळ म्हणजे रस्त्याचा फुफाटा. हा जीव तर हवेतील ओलावा शोषून जगतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिल्यास तो तग धरीत नाही. फुफाट्यानेही श्वासमार्गास त्रास होतो, हे खरे. पण तो प्रश्न निराळा. ‘धूळ’ हा शब्द ऐकलेला रुग्ण तोंडास रुमाल बांधतो, आणि रात्री त्याच उशीवर डोके ठेवतो.

पर्यायी शब्द दूर शोधावयास नको. फळांवर ‘मंगू’ पाडणारा ‘कोळी’ येथील मोसंबी-बागाईतदारास परिचित आहे. ‘कोळी’ म्हणजे जाळे विणणारा, हा आक्षेप कोणी घेईल. परंतु शेतीच्या भाषेने त्या शब्दाचा अर्थ केव्हाच विस्तारला आहे. ‘धुळीतील कोळी’ असे म्हटल्यास संदिग्धता उरत नाही.

उपचाराच्या संज्ञेबाबतही सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये उपचारासाठीच्या अशा अर्कांना लशींच्या वर्गात बसविले. तथापि ‘लस’ म्हणताच आपल्याकडे एकदोन टोचण्यांचा प्रतिबंध डोळ्यांपुढे येतो. हा उपचार तर वाढत्या मात्रांनी साधारणतः ३ ते ५ वर्षे चालतो. नुसता ‘अर्क’ हा शब्दही अपुरा होय. कुपीवरील १:१० हे प्रमाण किती द्रव्य भिजविले तेवढेच सांगते, बाधक प्रथिन किती उतरले हे नव्हे. म्हणून समान प्रमाणाच्या दोन कुप्या समबल असतीलच असे नाही.

अर्क कशाचा आणि किती बलाचा, हे दोन प्रश्न रुग्णास आपल्या भाषेत विचारता आले पाहिजेत. ज्या संज्ञेमुळे हे प्रश्न सुचतच नाहीत, ती कितीही रुळली असली तरी सदोषच मानावी लागेल.