छळ कुठे लिहिलाय?

जळगावात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. त्यांच्यावर संशोधन करायचंय? मग 2019 ची नागरिकत्व दुरुस्ती मुळातून वाचा. ‘छळ’ विधेयकाच्या उद्देश-निवेदनात आहे, कलमांत नाही! कलमं बघतात धर्म, देश आणि तारीख: 31 डिसेंबर 2014. त्या दिवशी आलेल्या भावाला वास्तव्याची अट पाच वर्षांची. दुसऱ्या दिवशी आलेली बहीण त्या तारखेच्या बाहेर. पाकिस्तानातला अहमदिया तर यादीतच नाही.

तारखेवर सगळेच बोलतात. माझा आक्षेप वेगळा आहे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, स्वतःचा आश्रय-कायदाही केलेला नाही. मग ‘तुमचा छळ झाला का?’ हे कायद्याने विचारायचं कुणी? तुमच्या प्रश्नावलीत तो प्रश्न असेल, तर उत्तर जपून नोंदवा; अर्जात त्याला रकाना मिळेलच असं नाही.