घाट चढणाऱ्या विटा

लेगोच्या विटांनी बांधलेल्या एका इंजिनाविषयी मला लिहायचं आहे. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, रुंदी आठ स्टड, म्हणजे विटेवरचे आठ गोल उंचवटे. पोटात दोन मोटरी, एक बॅटरी, एक छोटा स्पीकर आणि बारीक तारांवर जोडलेले दिवे. मूळ इंजिन आपल्याच घाटातलं आहे: ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचं ईएफ-१, जे पुढे डब्ल्यूसीजी-१ झालं आणि रेल्वेच्या माणसांमध्ये 'खेकडा' म्हणूनच ओळखलं गेलं. माझ्या एका ठाणेकर इंजिनिअर मित्राने ते स्वतःच्या आराखड्यावर उभं केलं आहे. दुकानातून खोका आणायचा आणि सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे तुकडे लावत जायचे, असं हे काम नाही. कोणती वीट कुठे आणि का, हे इथे प्रत्येक वेळी त्यालाच ठरवावं लागलं. म्हणूनच एखाद्या कवितेसारखं हे इंजिन वाचता येतं. त्यातल्या प्रत्येक निवडीमागे कारण आहे आणि ती कारणं कळत गेली की गोडी वाढत जाते.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. हे मॉडेल खरं वाटतं ते हुबेहूब दिसतं म्हणून नाही. मूळ इंजिनापुढे जी अडचण होती, तीच या मॉडेलने अंगावर घेतली आहे, म्हणून ते खरं वाटतं.

ती अडचण कोणती, हे समजण्यासाठी आधी मूळ इंजिनाकडे जावं लागेल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली. तो मार्ग सपाट होता. खरा प्रश्न पुढे होता. बोरघाट आणि थळघाट, दोन्हींचा चढ जागोजागी ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. शिवाय वळणंही कडक. मालगाडी वर न्यायची तर इंजिन वजनदार आणि ताकदवान हवं. वजनदार म्हणजे लांब, आणि लांब इंजिन वळणावर अडणार. हाच पेच स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावरही होता. तिथल्या अभियंत्यांनी १९१९पासून त्याचं उत्तर रुळांवर आणलं: मधे चालकांची खोली, दोन्ही बाजूंना लांब नाकं, आणि प्रत्येक नाक आपापल्या चाकांच्या गाड्यावर बसवलेलं, म्हणजे वळणावर इंजिन सांध्यात वाकणार. लांबुळक्या तोंडांमुळे ती इंजिनं 'क्रोकोडाइल' म्हणून प्रसिद्ध झाली. आपला खेकडा त्यांचाच भाऊबंद. १९२८पासून अशी ४१ इंजिनं आली. सुरुवातीची स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यातून, बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीतून. १५०० व्होल्ट डीसी वीज, २६०० अश्वशक्ती, दोन्ही गाड्यांवर तीन-तीन आस, आणि मोटरीची ताकद चाकांपर्यंत पोचवणारे बाहेरून दिसणारे लोखंडी दांडे. हे इंजिन १९९०च्या दशकापर्यंत राबलं.

आता विटांकडे येऊ. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर ३७.५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. भागाकार केला की प्रमाण येतं ४५ला १. युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी तेच रूळ ३८ला १ होतात. लेगो कंपनीने २०२०मध्ये स्विस क्रोकोडाइलचा १२७१ तुकड्यांचा संच काढला. त्या संचातले तुकडे घेऊन खेकडा बांधता येईल, पण त्याचं माप उसनं घेता येणार नाही. माझ्या मित्राने पहिला निर्णय बरोबर घेतला तो इथे. आपला रूळ रुंद असल्यामुळे आपलं इंजिन त्याच रुळावर थोडं लहान बांधायला हवं, हे त्याने ओळखलं. तीन मीटरच्या आसपास रुंदीचं इंजिन मग आठ स्टडमध्ये नीट बसतं. एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत आठ मिलिमीटर. या जगात याहून बारीक बोलायचं तर युक्त्या कराव्या लागतात. नाकाच्या बाजू त्याने आडव्या लावलेल्या विटांनी केल्या आहेत, स्टड बाहेरच्या दिशेला आणि त्यांच्यावर गुळगुळीत टाइल. त्यामुळे झाकणांच्या फटी प्लेटच्या, म्हणजे पातळ विटेच्या, ३.२ मिलिमीटर जाडीच्या मापात उतरतात. छतावर मात्र त्याने काही स्टड उघडे ठेवले आहेत. ते मला फार आवडतं. हे काम विटांचं आहे, हे तो लपवत नाही.

सगळ्यात सुंदर जागा वळणावर येते. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. ४५ पटींनी मोठं केलं तर जेमतेम १४.४ मीटर होईल. इतक्या कडक वळणावर खरं ब्रॉडगेज इंजिन उभंही राहणार नाही. बहुतेक मॉडेलकारांना हे वळण शत्रू वाटतं, कारण लांब इंजिनाचं तोंड रुळाबाहेर झुकतं आणि सगळा डौल जातो. खेकड्याच्या बाबतीत मात्र उत्तर मुळातच दिलेलं आहे. नाकं गाड्यांवर बसलेली, मधली खोली दोन खिळींवर टेकलेली. इंजिन वळणात शिरतं तेव्हा पुढचं नाक आधी वळतं, खोली क्षणभर सरळ राहते आणि मग मागचं नाक तिच्यामागून येतं. सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांची युक्ती इथे शोभेसाठी घेतलेली नाही. ती नसती तर हे मॉडेल पहिल्याच वळणावर घसरलं असतं. आकार आणि गरज इतके एकजीव झालेले क्वचित दिसतात.

दांड्यांची रचनाही अशीच पाहण्यासारखी. डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांशी ९० अंशांच्या फरकाने लावावे लागतात. दोन्ही एकाच वेळी सरळ रेषेत आले तर चाक कोणत्या दिशेला फिरवायचं, हे दांड्याला कळणार नाही. एक बाजू अडते तेव्हा दुसरीने ढकलायचं असतं. खऱ्या कारखान्यात हा कोन अचूक साधणं कौशल्याचं काम. लेगोमध्ये आसाचा छेद अधिकच्या चिन्हासारखा असतो. चाक त्यावर चारच प्रकारे बसतं, आणि त्यातला प्रत्येक फरक नेमका ९० अंशांचा. साहित्याच्या अंगातच असलेला हा गुण मित्राने हेरला. तीन आसांपैकी मधल्या आसावर त्याने कडा नसलेली चाकं लावली, नाहीतर ताठ बसलेले तीन आस वळणावर रुतले असते. दोन्ही गाड्या समोरासमोर ठेवलेल्या, त्यामुळे एकाच दिशेला जायचं तर दोन मोटरी उलट फिरायला हव्यात. तेवढी सूचना मोटरी चालवणाऱ्या नियंत्रकात भरली की झालं. हळू चालताना एका बाजूचा दांडा वर जातो, दुसऱ्या बाजूचा पुढे सरकतो, आणि त्या थांबत-थांबत येणाऱ्या लयीत इंजिनाचं वजन जाणवतं. हातात घेतलं तर ते हलकंच आहे, पण चालताना हलकं वाटत नाही.

आणि चढ? लेगोच्या सरळ रुळाचा एक तुकडा १६ स्टडचा, म्हणजे १२८ मिलिमीटर. प्रत्येक तुकड्याला एक प्लेट वर उचलत गेलं तर चढ येतो ४०ला १. बोरघाटाच्या ३७ला १च्या अगदी शेजारी! मित्राने रूळ तसेच मांडले आहेत. आता या चढावर प्लास्टिकची चाकं प्लास्टिकच्या रुळावर घसरतात. म्हणून काही चाकांना रबरी कड्या घातल्या आणि बॅटरीचा भार दोन्ही गाड्यांवर सारखा पडेल असा मधोमध ठेवला. सगळी चाकं दांड्यांनी जोडलेली असल्याने एकटं चाक गरगरत नाही. घाटातल्या इंजिनालाही पकड याच दोन गोष्टींनी मिळायची, वजन आणि जोडलेली चाकं. डब्यांची रांग जोडून ते मागून ढकलायला लावलं की बँकर इंजिनाचं काम डोळ्यांपुढे येतं.

दिव्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण इथे संयमच मोलाचा आहे. एलईडी सहसा पांढरी, थंड आणि एकदम लागणारी. जुन्या इंजिनाचा दिवा पिवळसर, आणि तार तापायला किंचित वेळ घेणारा. मित्राने पिवळट छटेची एलईडी निवडली आणि ती हळूच उजळेल, हळूच विझेल असं ठरवून दिलं. दिशा बदलली की समोरचा दिवा एका टोकाचा विझतो आणि दुसऱ्या टोकाचा लागतो. बँकर म्हणून मागे जोडलं की शेवटच्या टोकाला लाल दिवा, कारण तेव्हा गाडीतलं शेवटचं वाहन तेच असतं. चालकाच्या खोलीत अगदी मंद उजेड. याहून अधिक काही नाही. प्रत्येक झरोक्यात दिवा भरण्याचा मोह त्याने आवरला, म्हणून अंधाऱ्या खोलीत हे इंजिन कामावर निघालेलं दिसतं. दिवाळीच्या सजावटीसारखं लखलखत नाही.

खरी परीक्षा आवाजाची. लेगोच्या गाड्यांचं आवाजाशी नातं फार जुनं आहे. १९६८मध्ये कंपनीने एक गाडी काढली होती, ती शिट्टी ऐकायची. मुलाने शिट्टी फुंकली की गाडी निघायची, पुन्हा फुंकली की थांबायची. तेव्हा आवाज मुलाचा होता, गाडी गप्प होती. आता गाडी स्वतः बोलते. कॅनडातल्या दोघा हौशी कारागिरांनी बनवलेला पीएफएक्स ब्रिक नावाचा नियंत्रक या मॉडेलमध्ये आहे. दोन मोटरी, आठ दिवे आणि १६ एमबी साठवणीतले आवाज तो एकत्र सांभाळतो. पण यंत्र विकत घेता येतं; आवाज कधी काढायचा, ही समज विकत मिळत नाही.

बटण दाबलं की भोंगा, एवढ्यावर थांबणारी मॉडेलं पुष्कळ आहेत. इथे आवाज वेगाला बांधलेला आहे. उभं असताना एकच घरघर चालू असते: व्हॅक्यूम ब्रेकसाठी हवा ओढणाऱ्या एक्झॉस्टरची. डीसी इंजिन असल्यामुळे एसी ट्रान्सफॉर्मरची गुणगुण त्याने कटाक्षाने वगळली, आणि ही वगळलेली गोष्ट त्याचा अभ्यास सांगून जाते. निघताना आधी आवाज बदलतो, चाक नंतर हलतं. जेमतेम अर्ध्या सेकंदाचा हा फरक, पण सगळी जादू तिथे आहे. ओझं मोठं असलं की जोर आधी लागतो आणि हालचाल मागून येते, हे आपल्या शरीराला ठाऊक असतं. मग दातेरी चाकांची किणकिण चढत जाते आणि दांड्यांचा सुस्कारा चाकाच्या फेऱ्यांबरोबर येऊ लागतो. चढाला वेग कमी होतो तसा तो सुस्कारा लांबतो. डोळ्यांना दिसणारा दांडा आणि कानाला ऐकू येणारा दांडा एकच आहे, अशी खात्री पटते. ही सांगड सुटली असती तर उत्तमोत्तम ध्वनिमुद्रणही फुकट गेलं असतं.

छोट्या स्पीकरची मर्यादा मोठी. खालचे, जाड सूर तो काढूच शकत नाही. इथे कानाच्या स्वभावाचा उपयोग केला आहे. मूळ खालचा सूर गाळला आणि त्याच्या वरचे उपस्वर तसेच ठेवले, तर मेंदू तो गाळलेला सूर स्वतःहून भरून काढतो. शिवाय स्पीकर नाकाच्या बंद पोकळीत खाली तोंड करून बसवला आहे, त्यामुळे आवाज रुळाकडे जातो आणि टेबलाच्या लाकडावरून परत येतो. ऐकणाऱ्याला तो चाकांखालून आल्यासारखा वाटतो.

काही गोष्टी मला खटकतात, त्याही सांगायला हव्यात. छतावरचे पेंटोग्राफ वर होतात, खाली होतात, पण वीज बॅटरीतून येते. वर तारही नाही. विजेचं इंजिन विजेच्या तारेपासून असं तुटलेलं दिसतं. आवाजही किंचित जास्त स्वच्छ आहे. घाटात आवाज डोंगरावर आपटतो, बोगद्यात शिरून घुमतो. इथे तो एकटा राहतो. बोगदा बांधला आणि आत शिरताच आवाज बदलला, तर हे काम आणखी वर जाईल.

तरीही याचा रस कोणता, असं विचारलं तर मी म्हणेन, कष्टांचा. संग्रहालयातलं इंजिन त्याचा आकार दाखवतं, लांबी-रुंदी सांगतं. त्याचा दम दाखवू शकत नाही, कारण ते उभं आहे. विटांचं हे छोटं इंजिन वळणावर वाकतं, चढावर मंदावतं, निघण्याआधी जोर धरतं. घाटात मालगाडी वर चढवणं म्हणजे काय होतं, हे त्यातून कळतं. भारतीय इंजिनांची मॉडेलं बांधणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि त्यांना मी आग्रहाने सांगेन: रंग, पट्टे, नंबर नंतर बघा. आधी आपलं इंजिन कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ओझ्याखाली राबलं ते शोधा आणि तोच रस्ता विटांनी बांधा. इंजिन त्या रस्त्यावर चाललं, की ते खरं दिसायला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.