सहाव्या डावातला उंट

बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यात १९७२ साली आइसलंडच्या रेक्याविक शहरात जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्या सामन्यावर इतके लिहिले गेले आहे की डाव मागे पडले आणि हकिकती पुढे आल्या. फिशरने घातलेल्या अटी, कॅमेऱ्यांवरून झालेला वाद, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातली चुरस हे सगळे अनेकांना ठाऊक असते. २३ जुलैला खेळला गेलेला सहावा डाव मात्र पटावर मांडून शेवटपर्यंत पाहिलेली माणसे थोडी. माझ्या मते या सामन्यातला सर्वांत सुंदर डाव तोच. तो पाहताना नजर एका मोहऱ्यावर ठेवावी : पांढऱ्याच्या पांढऱ्या घरांतल्या उंटावर. हा उंट ४१ चालींच्या डावात पाच वेळा हलतो. एकही मोहरा मारत नाही, एकदाही शह देत नाही. तरीही डाव जिंकून देतो तोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. या सामन्यापूर्वी फिशरने स्पास्कीला एकदाही हरवले नव्हते. तीन पराभव आणि दोन बरोबऱ्या अशी त्याची स्थिती होती. रेक्याविकला पहिला डाव तो हरला, दुसऱ्याला आलाच नाही. तिसरा जिंकला, चौथा बरोबरीत सुटला, पाचवा जिंकला. सहाव्याला बसताना दोघांचे गुण समसमान होते.

फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो, हे बुद्धिबळ खेळणाऱ्या शाळकरी पोरालाही माहीत होते. तीच चाल सर्वांत चांगली, असे तो उघडपणे सांगत असे. सोव्हिएत तयारीचा मोठा भाग तिच्याभोवती असणार, हे उघड होते. त्या दिवशी मात्र फिशरने सी प्यादे उचलून सी४ वर ठेवले. पाहता पाहता डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये शिरला आणि सातव्या चालीला स्पास्कीने बी६ खेळून टार्टाकोव्हर बचाव उभा केला. हा बचाव स्पास्कीच्या हातात मुरलेला होता. म्हणजे फिशरने स्वतःचे अंगण सोडले आणि जगज्जेत्याच्या अंगणात जाऊन खेळायला सुरुवात केली. या निवडीतच डावाचे अर्धे धैर्य आहे.

दहाव्या चालीपर्यंत मारामारी होऊन काळ्या घरांतले दोन्ही उंट आणि घोड्यांची एक जोडी पटाबाहेर गेली. पांढऱ्याचा उरलेला उंट अजून एफ१ वरून हललेला नाही. फिशरने वजीर ए४ वरून ए३ वर आणला आणि चौदाव्या चालीला उंट थेट बी५ वर टाकला. ही चाल त्याची स्वतःची नव्हे. सेमियन फुरमन यांनी १९७० साली येफिम गेलर यांच्याविरुद्ध ती खेळली होती. उंटावर ए प्याद्याने हल्ला होतो, पण त्याला मारता येत नाही. प्यादे सरकले की मागचा ए८ वरचा हत्ती वजिराच्या तोंडी जातो. स्पास्कीने ए६ खेळले. फिशरने शांतपणे डी४ च्या प्याद्याने सी५ मारले, किल्लेकोट केला आणि उंट तिथेच ठेवला. हत्ती ए७ वर सरकला तेव्हा कुठे उंट ई२ वर परतला.

वरवर पाहता उंट गेला आणि आला. पण तेवढ्यात काळ्याचा हत्ती ए७ च्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि सी५, डी५ वरची त्याची जोड प्यादी लटकती राहिली. गंमत अशी की येफिम गेलर त्याच वेळी रेक्याविकमध्ये स्पास्कीचे सहायक होते. चौदाव्या चालीला वजीर बी७ वर नेणे हे या उंटाला चांगले उत्तर आहे, हे त्यांनी पुढच्याच वर्षी यान टिमनला हरवून दाखवले.

अठराव्या चालीला फिशरचा घोडा डी४ वर आला. सी५ च्या प्याद्याने तो मारावा, तर त्या तिरक्या रेषेत ए३ चा वजीर ई७ च्या वजिरावर टपून आहे. स्पास्कीने वजीर एफ८ वर नेला आणि फिशरने लगेच घोड्याने ई६ वरचा उंट मारला. पुस्तकी शिकवणीला ही चाल खटकते. पांढऱ्याचा घोडा पटाच्या मध्यावर आणि काळ्याचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला. अशा उंटासाठी असा घोडा का द्यावा? फिशरने हाच प्रकार १९७१ साली ब्यूनस आयर्सला पेट्रोशनविरुद्धच्या सातव्या डावात केला होता आणि तेव्हाही जाणकार चमकले होते. त्याचा हिशेब वेगळा होता. काळ्याचा तो उंट गेला की पांढऱ्या घरांवर फिशरच्या उंटाला अडवणारे कुणी उरत नाही. त्याने घोडा दिला तो आपल्या उंटाला पट मोकळा करून देण्यासाठी.

विसाव्या चालीला फिशरने ई४ खेळून मध्यावर धडक दिली. स्पास्कीने डी५ चे प्यादे डी४ वर पुढे ढकलले. जाणकारांनी बोट ठेवले आहे ते इथेच. ते प्यादे डी५ वर असताना सी४ चे घर त्याच्या पहाऱ्यात होते. ते पुढे गेले आणि सी४ मोकळे झाले. फिशरने एफ४, मग ई५ खेळून काळ्याच्या घोड्याची वाट बंद केली आणि तेविसाव्या चालीला उंट सी४ वर आणून ठेवला. उंटासमोर सरळ ई६ चे कच्चे प्यादे. पुढच्याच चालीला अकरा चाली ए३ वर बसलेला वजीर तिसऱ्या रांगेतून एका झेपेत एच३ वर पोहोचला. आता ई६ वर दोघांचा मारा. घोड्याला ते प्यादे राखायला एफ८ वर जाऊन बसावे लागले.

यानंतर एफ५ ने एफ पट्टी उघडली, दोन्ही हत्ती तिच्यावर आले आणि एकतिसाव्या चालीला पांढऱ्याचे प्यादे ई६ वर जाऊन रुतले. इथे थांबून मोहरी मोजावीत. दोघांकडे वजीर, दोन-दोन हत्ती, पाच-पाच प्यादी. फिशरकडे उंट, स्पास्कीकडे घोडा. बळ अगदी सारखे. तरीही डाव संपल्यात जमा आहे, कारण काळ्याचे प्रत्येक मोहरे कशाला तरी बांधले गेले आहे. एक हत्ती ई प्यादे अडवून उभा, दुसरा सी५ राखत, वजीर मागच्या रांगेवर पहारा देत, घोडा एच७ वर अडकलेला.

माझ्या दृष्टीने या डावाचा गाभा पुढच्या पाच चालींत आहे, आणि धावती नजर नेमकी त्यांवरूनच घसरते. बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या चालीपर्यंत स्पास्कीचा वजीर ई८, डी८, ई८, डी८, ई८ असा येरझारा घालतो. दुसरे काही करण्यासारखे नाही. त्याच पाच चालींत फिशर वजीर ई५ वर पटाच्या मध्यभागी बसवतो, ए४ खेळून काळ्याच्या ए५ च्या प्याद्याला कायमचे थांबवतो, एक हत्ती एफ२ वर, तिथून एफ३ वर आणतो आणि उंट सी४ वरून डी३ वर घेतो. घाई नाही, धमकी नाही. जिंकण्याच्या उंबरठ्यावर भलेभले उतावीळ होतात; एकोणतीस वर्षांचा फिशर, आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी, प्यादे दोन घरे सरकवून प्रतिस्पर्ध्याची उरलीसुरली हालचाल बंद करतो. मला या डावातली सर्वांत थोर चाल विचाराल, तर मी ए४ सांगेन.

उंट डी३ वर का गेला, ते सदतिसाव्या चालीला कळते. वजीर ई४ वर त्याच्या पुढे येतो. आता हत्ती एफ८ वर शह देणार, घोड्याने तो मारला की दुसरा हत्ती तिथेच मारणार, वजिराने तोही मारला की पांढरा वजीर एच७ वर उंटाच्या जोरावर मात करणार. हे टाळायला घोडा एफ६ वर आला. फिशरने हत्ती देऊन तो मारला, जी प्याद्याने हत्ती मारला, दुसऱ्या हत्तीने ते प्यादे मारले. राजा सरकताच उंट पुन्हा सी४ वर, ई६ च्या पाठीशी. ही त्याची पाचवी आणि शेवटची चाल. एकेचाळिसाव्या चालीला वजीर एफ४ वर आला आणि स्पास्कीने डाव सोडला. जगज्जेतेपदाच्या सामन्यातला इतका आक्रमक विजय, आणि अख्ख्या डावात दोघांकडून एकही शह दिला गेला नव्हता.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांत स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. जगज्जेता आपल्याच पराभवाला दाद देत होता. याला केवळ खिलाडूवृत्ती म्हणणे अपुरे आहे. वजीर येरझारा घालत असताना समोर काय बांधले जात आहे, हे सभागृहात सर्वांत स्पष्ट दिसले असेल ते त्यालाच. रसिकाची पहिली अट जाणकारी, दुसरी अट मनाचा मोठेपणा; त्या दिवशी दोन्ही स्पास्कीकडे होत्या.

या विजयाने फिशर साडेतीन विरुद्ध अडीच असा प्रथमच पुढे गेला आणि १ सप्टेंबरला साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जगज्जेता झाला. आज संगणक या डावातल्या चुका क्षणात दाखवतो. तरी वाचकहो, हा डाव आधी लाकडी पटावर, स्वतःच्या हाताने मांडा. बत्तिसाव्या चालीला थांबा आणि पुढच्या पाच चाली स्वतः शोधून पाहा. फिशरचे मोठेपण कुठल्याही लेखापेक्षा तिथे अधिक नीट कळेल.