सुटलेल्या प्रवेशांचं नाटक

तिसरी घंटा झाली, पडदा सरकला की सभागृहातल्या सगळ्यांना एकच नाटक दिसतं. इमर्सिव्ह रंगभूमीने ही सवयच मोडली. तिथे खुर्चीला नंबर नसतो, कारण खुर्चीच नसते. अख्खी इमारत हेच नेपथ्य, आणि अनेक खोल्यांत एकाच वेळी प्रवेश चालू असतात. कुठे थांबायचं, कोणाच्या मागे जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

या प्रकाराचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे 'पंचड्रंक' या ब्रिटिश संस्थेचा 'स्लीप नो मोअर'. न्यूयॉर्कमध्ये तो २०११ पासून जानेवारी २०२५ पर्यंत चालला. शांघायमध्ये २०१६ साली सुरू झाला. कथा 'मॅकबेथ'ची, पण संवाद जवळजवळ नाहीत. सगळं देहबोलीतून आणि नृत्यातून. प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर पांढरा मुखवटा आणि बोलायला बंदी. साधारण तासाभराचं कथाचक्र पुन्हा पुन्हा फिरतं, त्यामुळे सुटलेला प्रवेश पुढच्या फेरीत गाठता येतो. मधेच एखादं पात्र एखाद्याचाच हात धरून त्याला बंद खोलीत नेतं आणि एकट्या त्याच्यासाठी प्रवेश करतं.

या जवळिकीत विलक्षण ताकद आहे. टेबलावरचं पत्र उचलून वाचता येतं, नटाचा श्वास ऐकू येतो. पण याच जवळिकीने प्रेक्षकाला हावरंही केलं. नायकामागे जिन्यावरून धावणारा घोळका हे तिथलं नेहमीचं दृश्य झालं. प्रेक्षकांनी नको तसा स्पर्श केल्याच्या तक्रारी काही कलाकारांनी २०१८ मध्ये उघडपणे मांडल्या. मुखवटा संकोच घालवतो, तशी जबाबदारीही विसरायला लावतो.

अशी हाव नसलेला चालता प्रेक्षक म्हटला की वाराणसीजवळच्या रामनगरची रामलीला आठवते. महिनाभर चालणाऱ्या या लीलेत अयोध्या, जनकपूर, लंका गावभर पसरलेल्या असतात आणि प्रेक्षक लीलेबरोबर चालत राहतात. नट आणि प्रेक्षक एकाच जागेत वावरतात अशा 'एन्व्हायर्नमेंटल थिएटर'चे अमेरिकी दिग्दर्शक रिचर्ड शेकनर यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. लांब उभ्या असलेल्याला सगळं ऐकू येत नाही, तरी त्याचं काही अडत नाही: कथा त्याला पाठ असते आणि शेजारी सोबत असतो.

माझ्या मते या रंगभूमीची खरी कसोटी इथेच आहे. प्रवेश सुटणारच, ते सुटूनही नाटक हाती लागतं का? २०२४ मध्ये लंडनला आलेल्या 'व्हायोलाज रूम'मध्ये पंचड्रंकने नटांनाच वगळलं. अनवाणी प्रेक्षकांचा छोटा गट कानातला आवाज ऐकत, उजेड नेईल तिकडे जातो. रचना सुरक्षित आहे, नेटकीही; पण निवड गेली की प्रेक्षक पुन्हा खुर्चीतच बसल्यासारखा होतो. हा मार्ग मला माघारीचा वाटतो.

म्हणून अशा प्रयोगाला जाताना मूळ कथा वाचून जावं. पायात मऊ बूट असावेत. आत सोबत्याचा हात सोडावा, गर्दी जाईल त्याच्या उलट वळावं, एखाद्या दुय्यम पात्रामागे पूर्ण फेरी काढावी. नटाला हात लावू नये. त्याने पुढे केला, तरच आपला द्यावा.

'स्लीप नो मोअर'चा शेवट झाला की प्रेक्षक इमारतीतल्याच बारमध्ये पोहोचत, आणि तिथे मुखवटे उतरत. मग "तू काय पाहिलंस?" हा प्रश्न सुरू होई. रामनगरात जी सोबत वाटेवरच मिळते, ती इथे शेवटी मिळते. सुटलेले प्रवेश दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तेवढा वेळ राखून ठेवावा.