अपवादाने नियम खरेच सिद्ध होतो का?

मागच्या व्याख्यानात आपण विगमनाचा प्रश्न पाहिला. दहा उदाहरणे पाहिल्यावर अकराव्याबद्दल छातीठोकपणे बोलायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो, असा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एक श्रोते जवळ आले आणि म्हणाले, "सर, एखादा अपवाद निघाला तर बिघडले कुठे? अपवादाने नियम सिद्धच होतो ना!" आज याच वाक्याची चिकित्सा करू या.

हे वाक्य आपण मराठीत इतके सहज वापरतो की ते आपलेच वाटते. पण मागे उभे आहे ते इंग्रजी 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल'. आणि त्याच्याही मागे लॅटिन आहे.

आता बघा, हे वाक्य जसेच्या तसे घेतले तर अर्थ काय होतो? 'सगळे कावळे काळे असतात' असे मी म्हणालो आणि तुम्ही पांढरा कावळा आणून दाखवलात, तर माझे विधान सिद्ध झाले? तसे असेल तर दोन पांढऱ्या कावळ्यांनी ते दुप्पट सिद्ध व्हायला हवे! गडबड आहे, हे उघड आहे.

ही गडबड निस्तरण्यासाठी एक खुलासा फार लोकप्रिय आहे. 'प्रूव्ह' या क्रियापदाचा जुना अर्थ 'पारखणे', म्हणून अपवाद नियमाची परीक्षा घेतो, असा तो खुलासा. ऐकायला छान वाटतो. 'प्रूव्ह'चा तो जुना अर्थही खराच आहे. पण या वाक्याचे मूळ तिथे नाही. कायद्याच्या परंपरेत या सूत्राचे पूर्ण रूप असे आहे: 'एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस'. म्हणजे, जी प्रकरणे अपवाद म्हणून वगळलेली नाहीत, त्यांच्यापुरता अपवाद नियम सिद्ध करतो. शेवटचे शब्द नीट ऐका. 'वगळलेली नाहीत त्यांच्यापुरता'. इथे 'परीक्षा घेतो' हा अर्थ बसवून पाहा. बसत नाही. आपण सूत्राची शेपटी कापली आणि उरलेल्या धडाचा अर्थ शोधत बसलो.

या युक्तिवादाचे प्रसिद्ध उदाहरण सिसेरोचे आहे. इ.स.पू. ५६ मध्ये रोममध्ये बाल्बस नावाच्या गृहस्थावर खटला झाला. हा मूळचा स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा. पॉम्पीने त्याला रोमचे नागरिकत्व दिले होते आणि ते बेकायदा आहे असा आरोप होता. सिसेरोने बचावात सांगितले, की काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यापैकी कोणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये' असे स्पष्ट कलम आहे. मुद्दाम तसे कलम घालावे लागले, याचाच अर्थ जिथे ते नाही तिथे नागरिकत्व देता येते. बाल्बस सुटला.

हा विचार आपल्याला परका नाही. पतंजलींनी महाभाष्याच्या सुरुवातीलाच असे उदाहरण दिले आहे. गावातला कोंबडा, गावातले डुक्कर खाऊ नये, असे म्हटले की रानातले चालते हे न सांगता कळते. आणि आपल्या सोसायटीच्या फाटकावर 'रविवारी पाहुण्यांच्या गाड्या आत लावता येतील' अशी पाटी दिसली, तर सोमवारचा नियम आपण विचारायला जातो का? पाटीवर नियम लिहिलेलाच नाही. तो अपवादावरून कळतो.

म्हणजे मूळ अर्थात अपवाद हा कोणीतरी जाणूनबुजून *केलेला* असतो. तो सापडलेला नसतो. कायदा करणारा अपवाद करतो. निसर्गात मात्र अपवाद आढळतो. हा फरक पुसला की सगळा घोटाळा होतो. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या वाक्प्रचाराचे पाच वापर वेगळे केले. त्यांतले शेवटचे दोन त्यांनी सरळ निरर्थक ठरवले.

तरी विज्ञानात एक योग्य वापर आहे, तो नाकारू नये. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. न्यूटनच्या नियमाला हा अपवादच दिसत होता. ल व्हेरिए यांनी आकडेमोड करून पलीकडे आणखी एक ग्रह असावा असे सांगितले आणि १८४६ मध्ये बर्लिनहून नेपच्यून दिसला. अपवादाने नियम बळकट केला. पण याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतल्या फरकासाठीही असाच एक ग्रह कल्पिला. तो कधी सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्तच नव्याने मांडला, तेव्हा तो फरक उलगडला. तेव्हा अपवाद नियमाला तारेल की बुडवेल, हे शोध घेतल्याशिवाय कळत नाही. आपण हे वाक्य वापरतो ते नेमका तो शोध टाळायला.

यात आम्हीही आलो. नोकरीत असताना एकदा प्रवेश समितीवर होतो. जेमतेम गुणांनी आलेल्या मुलांना तर्कशास्त्र झेपत नाही, असा आमच्यात एक समज होता. कोणीतरी आठवण करून दिली, की अशाच एका मुलीने आदल्या वर्षी त्या विषयात सगळ्यांत जास्त गुण मिळवले होते. आम्ही म्हणालो, "अपवादाने नियम सिद्ध होतो." सगळे हसले आणि तसे अर्ज बाजूला ठेवले गेले. त्याआधी अशा किती मुलांना आम्ही घेतले होते, हे कोणी विचारले नाही. मोजकीच घेतली होती. ज्याला आम्ही नियम म्हणत होतो, तो आमच्या दार बंद ठेवण्याच्या सवयीतून तयार झाला होता. आणि हे तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून! त्या अर्जांतली नावे आज आठवत नाहीत, याचे जास्त वाईट वाटते.

म्हणून पुढच्या वेळी हे वाक्य कानावर पडले, किंवा आपल्याच तोंडी आले, तर दोन गोष्टी विचारू या. हा अपवाद कोणी ठरवून केला आहे, की तो समोर आला आहे? आणि समोर आला असेल, तर आपण त्याचा शोध घेतला का?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.