मालिश, बर्फ आणि लॅक्टिक आम्ल

स्कीइंगच्या गावांत संध्याकाळ झाली की मालिशच्या दालनांत गर्दी होते. आल्प्समध्ये हे जुनेच आहे. गुलमर्गच्या मोठ्या हॉटेलांतही आता ती सोय मिळते. दिवसभर स्कीवर किंवा स्नोबोर्डवर घसरून आलेल्या पाहुण्याला सांगितले जाते ते साधारण असे: श्रमाने मांड्यांत लॅक्टिक आम्ल साचले आहे, मालिशने रक्तप्रवाह वाढेल, आम्ल वाहून जाईल आणि उद्या पाय पुन्हा ताजे होतील. आमची तक्रार मालिशबद्दल नाही, या स्पष्टीकरणाबद्दल आहे. कारण त्याचा पूर्वार्ध आपण वर्गातही शिकवत असतो.

आधी आम्लाचे पाहू. शरीरात ते बहुतांशी लॅक्टेटच्या रूपात असते. श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्यापासून ग्लुकोज बनवते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि एक ते तीन दिवसांत कळसाला पोचते. १९८३ साली अमेरिकेत श्वेन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना एकदा सपाटीवर व एकदा उतारावर धावायला लावले. सपाटीवर रक्तातील लॅक्टेट वाढले, पण पुढे पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढले नाही, पण पाय चांगलेच दुखले. लॅक्टेटला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

खरा चोर उतारात आहे. भरलेली घागर सावकाश खाली ठेवताना दंडाचा स्नायू लांबत जातो आणि तरीही जोर लावत असतो. स्कीवर वळण घेताना मांडीच्या पुढच्या स्नायूंचे हेच होते. गुडघे वाकलेले, वरून शरीराचा भार आणि वेगाचा रेटा. जायंट स्लालॉम शर्यतीतील खेळाडूंवर स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात (१९९५) या स्नायूंचे लांबत केलेले काम आखडत केलेल्या कामापेक्षा अधिक भरले. अशा कामात स्नायूतंतूंची सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते आणि मागाहून दाह होतो. थिओडोर हाफ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच स्नायूच्या आत काही फाटत असावे असे म्हटले होते. बर्फ न पाहिलेल्या वाचकाने सिंहगड आठवावा: दम लागतो चढताना, पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात त्या उतरल्यामुळे.

रक्तप्रवाहाचा दावाही टिकत नाही. १९९७ साली डॉप्लर तंत्राने मोजले असता हाताने केलेल्या मालिशमुळे हातापायांच्या मुख्य धमन्यांतील प्रवाह वाढल्याचे दिसले नाही. कॅनडातील किंग्स्टन येथे २०१० साली तर उलटेच आढळले. मुठीच्या व्यायामानंतर मालिश केल्यास दाबामुळे प्रवाह अडतो व लॅक्टेट बाहेर पडणे मंदावते.

मग मालिश निरुपयोगी का? तसे नाही. शेफील्डच्या संशोधकांनी २०२० साली २९ अभ्यास, एकूण १०१२ व्यक्ती, एकत्र तपासले. दुखणे थोडे कमी होते, लवचिकता थोडी वाढते. ताकद, उडी, धावण्याचा वेग, दमसास यांत सुधारणा आढळली नाही. २०१२ साली मॅकमास्टर विद्यापीठात मालिश केलेल्या मांडीच्या स्नायूत दाहाच्या रासायनिक खुणा कमी दिसल्या, लॅक्टेट मात्र तेवढेच. हा अभ्यास मालिशच्या जाहिरातीत हमखास वापरता येईल असा. पण तो ११ तरुण पुरुषांवर झाला आणि त्यांनी व्यायामाची सायकल चालवली होती. सायकलीत स्नायू प्रामुख्याने आखडून काम करतात. तो निष्कर्ष बर्फाच्या उतारावर सरसकट नेणे आम्हाला मान्य नाही. शिवाय, मालिश झाली की नाही हे माणसापासून लपवता येत नाही. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, इथे काय देणार?

यातला धोका सांगायला हवा. लांबत केलेल्या कामानंतर स्नायूची ताकद काही दिवस घटलेली असते. मालिशने दुखणे उतरले, ताकद परत आली नाही, आणि 'आम्ल गेले' या समजुतीने पाहुणा सकाळी अधिक अवघड उतारावर गेला, तर गुडघा सावरणारा स्नायू अजून अर्धामुर्धाच तयार असतो. पहिल्या दिवशी सोपे उतार थोडाच वेळ करणे अधिक उपयोगाचे. एकदा असे काम केलेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो, हे पुष्कळ प्रयोगांतून दिसले आहे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. यासारखाच प्रयोग १९८३ साली इंग्लंडमध्ये झाला होता. पायरीवर चढताना नेहमी उजवा पाय आधी टाकायचा आणि उतरतानाही उजवाच. म्हणजे शरीर उचलण्याचे काम उजव्या मांडीचे, सावकाश खाली सोडण्याचे डाव्या मांडीचे. हे शिक्षकांनीच दहा मिनिटे करावे, मुलांना त्यात ओढू नये. दोन्ही मांड्यांना रक्तपुरवठा त्याच शरीराचा. दोन दिवसांनी कोणती मांडी दुखते ते मुलांना सांगावे, आणि आम्लाने दुसरी का सोडली, हे त्यांनाच विचारावे.