पायउतार झालेल्यांचे बोल

तापीच्या पलीकडे जैनाबादेत आहुखाना म्हणून एक पडकी जागा आहे. १६३१ मध्ये मुमताजमहल आमच्या बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिचा देह प्रथम तेथे ठेवला होता. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना तेथे नेतो. पाहुणे राणीविषयी विचारतात. माझ्या मनात मात्र राजाचे उत्तरायुष्य येते. १६५८ मध्ये मुलाने कैद केल्यावर शहाजहान १६६६ पर्यंत, म्हणजे तब्बल आठ वर्षे, आग्र्याच्या किल्ल्यात जिवंत होता. या काळात बापलेकांत पत्रे गेली-आली आणि त्यांत दोषारोपही पुष्कळ झाले. परंतु हा सारा व्यवहार भिंतीआडचा होता. माजी बादशहाला सध्याच्या बादशहाविषयी काय वाटते, हे ऐकण्याचा अधिकार रयतेला नव्हता.

राजेशाहीने हा प्रश्न असा सोडविला. माजी राजा एकतर स्वर्गात किंवा बंदिवासात. लोकशाहीत तो शेजारच्या आळीत राहतो, निवृत्तिवेतन घेतो, उत्सवाला प्रमुख पाहुणा म्हणून येतो आणि त्याला तोंड असते. आपल्यामागून गादीवर आलेल्याविषयी त्याने जाहीरपणे बोलावे काय? मंदिराच्या सभामंडपात गेल्या महिन्यात कीर्तन आटोपल्यावर यावर बराच वाद झाला. तो येथे लिहून काढावा, असे दोघा-तिघा स्नेह्यांनी सुचविले, म्हणून हा खटाटोप.

बहुतेकांचे मत वानप्रस्थाच्या बाजूचे पडले. सूत्रे मुलाच्या हाती दिली की बापाने पडवीत बसावे, स्वयंपाकघरात डोकावू नये. हा दृष्टांत गोड आहे, पण लागू पडणारा नाही. राज्य ही माजी मंत्र्याने मुलाला दिलेली मिळकत नव्हे. ती आपली सर्वांची, आणि तिचा कारभारी बदलला एवढेच. जुन्या कारभाऱ्याला वह्या ठाऊक असतात. त्याने गप्प बसणे हे वैराग्य की मिळकतीच्या धन्याशी दगा? शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी युधिष्ठिराला राजधर्म सांगितला याचे आपण कौतुक करतो. परंतु त्याच भीष्मांना द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न केला, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून ते थांबले. त्यांच्या हातून घडलेल्या साऱ्या गोष्टींत तेवढीच एक कोणत्याही कीर्तनकाराला सोयिस्करपणे सांगता येत नाही.

आता दृष्टांत पुरे. मराठी माणसाच्या स्मरणातील एक खरे प्रकरण घेऊ. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे ते केंद्राचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. पिंडाने ते प्रशासक, संस्कृतज्ञ, मितभाषी. वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, मुंबईत गोळीबार होऊन माणसे पडली, आणि देशमुखांनी राजीनामा पुढे केला. तो काही महिने तसाच राहिला. जूनमध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबईतल्या काँग्रेस महासमितीच्या बैठकीत केंद्रशासित मुंबईचाच पुनरुच्चार केला. जुलैत राजीनामा मान्य झाला आणि २५ जुलै १९५६ रोजी देशमुखांनी लोकसभेत आपले निवेदन केले. त्यांच्या जागी अर्थखाते प्रथम खुद्द नेहरूंनीच सांभाळले, तेव्हा त्या दिवशी माजी अर्थमंत्री बोलले ते आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या समोर, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या निवेदनाची महाराष्ट्रात पूजा झाली. पूजा झालेल्या वस्तूची चिकित्सा करणे आपल्याकडे अवघड असते, तरी वकिलाच्या सवयीने मी त्याचे दोन भाग पाडतो. पहिला भाग असा, की मंत्रिमंडळात विचार न होता पंतप्रधानांनी एवढा मोठा निर्णय जाहीर केला आणि ही रीत घटनेला धरून नाही. शिवाय गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी नाकारली गेली. दुसरा भाग असा, की पंतप्रधानांच्या मनात महाराष्ट्राविषयी आकस आहे.

पहिला भाग अभेद्य आहे. तो कृतीविषयी आहे. निर्णय मंत्रिमंडळापुढे आला होता की नव्हता, या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर असते आणि ते तपासता येते. मुख्य म्हणजे ही गोष्ट आतल्या माणसावाचून कोणीही सांगू शकला नसता. माजी मंत्र्याच्या बोलण्याला जी किंमत असते ती नेमकी एवढ्यासाठी. दुसरा भाग मला दुबळा वाटतो. परक्याच्या मनातला आकस शाबीत करणे दिवाणी न्यायालयातही जमत नाही, तेथे लोकसभेत काय जमणार? आणि टाळ्या मिळाल्या त्या दुसऱ्या भागाला! आजही देशमुखांचे नाव निघाले की वर्तमानपत्रे आकसाची गोष्ट सांगतात. मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचा जो मुद्दा प्रत्येक पंतप्रधानाला आणि मुख्यमंत्र्याला आजन्म लागू आहे, तो वाचणाराला ग्रंथालयात शोधावा लागतो. त्या आरोपाने देशमुखांनी आपल्याच चांगल्या मुद्द्याचे नुकसान केले, हे माझे मत कोणाला कडू लागले तर नाइलाज आहे.

बुऱ्हाणपूरकरांसाठी येथे एक टीप जोडतो. ज्या पुनर्रचनेपायी देशमुखांनी मंत्रिपद सोडले, तिच्यातच १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला निमाड मध्य प्रदेशात राहिला. आपल्यासाठी कोणी राजीनामा दिला नाही. असो.

कायद्याचाही एक कंगोरा आहे. मंत्री दोन शपथा घेतो, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. मंत्री म्हणून आपल्यापुढे आलेली बाब कर्तव्यासाठी आवश्यक असल्याखेरीज कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे सांगणार नाही, असे दुसरीत असते, आणि पद सुटल्यावर ती संपते असे तिच्यात कोठेही लिहिलेले नाही. मग देशमुखांनी मंत्रिमंडळातली गोष्ट बाहेर कशी आणली? याचे उत्तर जागेत आहे. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात निवेदन करता येते. त्यावर चर्चा होत नाही, मात्र सरकारतर्फे मंत्र्याला उत्तर देण्याची मुभा असते. म्हणजे आरोपी समोर, उत्तराची सोय जागच्या जागी, आणि शब्द न् शब्द नोंदलेला. तेच बोलणे एखाद्या हाराच्या समारंभात झाले असते, तर मी त्याला निराळ्या मापाने मोजले असते.

तसे मोजण्याची वेळ पुढे आलीच. १९५९ मध्ये देशमुख विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी जाहीरपणे म्हटले, की वरिष्ठ पातळीवर भ्रष्टाचार आहे आणि त्याच्या तक्रारी तपासण्यासाठी एक कायम, उच्चाधिकारी, निःपक्षपाती न्यायाधिकरण असावे. असे न्यायाधिकरण झाल्यास आपल्यापाशी तक्रारी तयार आहेत, असेही त्यांनी सुचविले. नेहरूंना ही कल्पना रुचली नाही; अशाने परस्परांविषयी संशयाचे वातावरण तयार होईल, असे त्यांचे म्हणणे पडले.

या खेपेस मला देशमुखांची बाजू घेणे जड जाते, आणि तरीही अखेरीस ती घ्यावी लागते. जड जाते ते अशासाठी, की नावे न घेता केलेला आरोप हा साऱ्या मंत्रिमंडळावर उडविलेला चिखल असतो. निर्दोष मनुष्य त्याला उत्तर देऊ शकत नाही आणि दोषी मनुष्य गर्दीत लपतो. मी एखाद्या अशिलाला असे करू देणार नाही. शिवाय सरकारनेच नेमलेल्या पदावर बसून सरकारवर हे बोलावे काय, हाही प्रश्न उरतोच. पण दुसरी बाजू पाहा. तक्रार नेण्यासाठी जागाच नव्हती. न्यायालय उघडा, मी फिर्याद देतो, असे म्हणणाऱ्याला तू आधी फिर्याद का दिली नाहीस असे विचारणे हा न्याय नव्हे. आणि आधीचा दाखला ताजा होता. विमाधंद्याचे राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५६ मध्ये देशमुखांच्याच हातून झाले होते. पुढे कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना १९५७ मध्ये त्याच आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोट रुपये मुंध्रा यांच्या कंपन्यांच्या भागांत गुंतविले गेले. फिरोज गांधींनी सभागृहात ते बाहेर काढले, छगला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांना जावे लागले. एक चौकशी उघड्यावर झाली तर काय होते, हे देशाने पाहिले होते. देशमुखांनी मागितले ते एवढेच, की ही सोय प्रत्येक वेळी एखाद्या फिरोज गांधींवर अवलंबून असू नये. १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. लोकपालाचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला तो मार्च २०१९ मध्ये. सूचना बरोबर होती की चूक, याचा निवाडा व्हायला साठ वर्षे लागली. सूचना करणारा १९८२ मध्येच गेला होता.

हे सर्व मी सभामंडपात सांगितले, तेव्हा एका वयोवृद्धांनी विचारले, 'वकीलसाहेब, तुम्ही दिल्लीच्या गोष्टी सांगता; गावातल्या सांगा.' त्यांचा रोख मला कळला. काही वर्षांपूर्वी मी एका देवस्थानाच्या विश्वस्तांचा सल्लागार होतो. देवस्थान कोणते हे येथे महत्त्वाचे नाही. तेथले एक माजी अध्यक्ष माझ्या कचेरीत आले. नव्या मंडळींनी उत्सवाच्या वर्गणीचा पैसा अन्नछत्राच्या खात्यात फिरविला, पावत्या नाहीत, म्हणून मी जाहीर नोटीस काढावी, असे त्यांचे म्हणणे. मी सल्लागार मंडळाचा, तेव्हा नोटीस काढणे मला शक्य नव्हते. तरी कागद पाहिले. तक्रार खरी होती. पण खाती अशी फिरविण्याची चाल सुरू झाली होती ती याच गृहस्थांच्या कारकिर्दीत, त्यांच्याच सहीने.

आता काय म्हणावे? मंडळातील तरुण म्हणाले, 'अण्णांना बोलण्याचा अधिकारच नाही.' हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. चोरी दाखविणाऱ्याचे हात स्वच्छ नाहीत म्हणून चोरी नाहीशी होत नाही. पण एक गोष्ट मी अण्णांना सांगितली: तुम्ही बोला, मात्र पहिले वाक्य स्वतःच्या वर्षाविषयी बोला. ते उठून गेले. नमस्कारसुद्धा केला नाही.

अलीकडील दोन उदाहरणे याच मापाने पाहावीत. २४ नोव्हेंबर २०१६ रोजी डॉ. मनमोहनसिंग राज्यसभेत नोटाबंदीवर बोलले. देशमुखांप्रमाणेच तेही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि मग अर्थमंत्री झालेले. पंतप्रधान सभागृहात उपस्थित होते. भाषण लहान, आवाज खाली. कारवाईला त्यांनी संघटित लूट म्हटले आणि राष्ट्रीय उत्पन्नाला दोन टक्क्यांचा फटका बसेल असा अंदाज सांगितला. त्या आठवड्यांत आमच्या गावचे यंत्रमागवाले मजुरी कशी चुकवावी म्हणून माझ्याकडे येत होते. मला ते भाषण विरोधकाचे वाटले नाही, खात्यातल्या माणसाचे वाटले. यशवंत सिन्हांनी सप्टेंबर २०१७ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून अर्थव्यवस्थेच्या स्थितीबद्दल अरुण जेटलींना जबाबदार धरले. दोघेही एकाच पक्षाचे. जेटलींनी दुसऱ्याच दिवशी त्यांना ऐंशीव्या वर्षी नोकरीचा अर्ज करणारे ठरविले. चिमटा झकास होता, सभागृह हसले. परंतु आकड्यांना ते उत्तर नव्हते. टीकाकाराला काय हवे होते हे विचारले, म्हणजे तो काय म्हणाला हे ऐकावे लागत नाही.

तरी हेतूचा संशय सर्वस्वी टाकाऊ आहे, असेही मी म्हणणार नाही. गोव्याच्या वाचकांना लक्ष्मीकांत पार्सेकर आठवतील. २०१४ ते २०१७ मुख्यमंत्री, आणि जानेवारी २०२२ मध्ये मांद्रेची उमेदवारी नाकारली गेल्यावर पक्ष सोडून अपक्ष उभे. ते बोलले त्यात तथ्य असेल. पण मुहूर्त असा पडला की लोकांनी तिकिटाचेच ऐकले. उलट अमेरिकेत धाकटे बुश २००९ मध्ये आपल्यामागून आलेल्या ओबामांविषयी म्हणाले, की माझे मौन हा त्यांचा हक्क आहे. सभ्यपणा वाखाणण्याजोगा खरा. मात्र इराकचे युद्ध मागे ठेवून गेलेल्या गृहस्थाला मौन स्वस्तही पडत होते, हे विसरू नये.

अण्णांचे सांगायचे राहिले. तीन आठवड्यांनी ते विश्वस्तांच्या सभेला आले. काखेत जुनी कीर्द होती, त्यांच्याच कारकिर्दीतली. ती त्यांनी मेजावर ठेवली, पहिली खूण घातलेले पान उघडले आणि म्हणाले, 'येथून सुरू करा. ही सही माझी.' त्या दिवशी सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली.